तू परत येशील, ती तिथेच राहील

अगं, तुझा मेसेज वाचला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर डॉक्युमेंटरी करायची म्हणतेस. कॅमेरा भाड्याने ठरवलास, मैत्रीण साउंड करायला तयार आहे आणि दिवाळी झाली की बीड गाठायचं, असं तुमचं ठरलंय. फार बरं वाटलं गं. तुझ्या वयाच्या मुलींनी असे विषय हातात घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. पण काळजीही वाटली, आणि ती फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून लिहितेय. मोठी बहीण आहे, थोडं जास्त बोलेन, ऐकून घे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. शूटिंग संपलं की तू एसटीत बसून पुण्याला परत येशील. जिच्यावर फिल्म आहे ती तिथेच राहील. तिला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आहे, त्याच सासरी नांदायचं आहे, त्याच हातपंपावर पाणी भरायला उभं राहायचं आहे. काय शूट करायचं, काय विचारायचं, काय कापायचं, कुठे दाखवायचं, यातला कुठलाही निर्णय घेताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेव. अवघड सामाजिक विषयावर फिल्म करणाऱ्याची सगळी कसोटी इथेच लागते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर येतात.

आता विषय. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या आल्या, देशभर खळबळ झाली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणी अजून चाळिशीच्याही नव्हत्या. आकडा वाचून पोटात गोळा येतो, आणि तुलाही तो फिल्मच्या पहिल्याच मिनिटात मोठ्या अक्षरांत टाकावासा वाटेल. जरूर टाक. पण आकडा तर बातमीनेही दिला होता. बातमी आली, गाड्या भरून वार्ताहर आले, गेले. तुझी फिल्म त्याच्या पुढे जाणार असेल तर ‘हे का होतं’ याचा पिच्छा पुरवावा लागेल.

आणि ‘का’चं उत्तर एका वाक्यात मावत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल ठरते ती पुरुषांच्या बैठकीत. कोयत्यातला अर्धा वाटा बाईचा, पण हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. जोडी असल्याशिवाय कोयता पुरा होत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या वयात पोरींची लग्नं लावली जातात. फडावर ना संडास, ना आडोसा, ना धड पाणी. पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून ऊस तोडायचा. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचे ५०० रुपये किंवा त्याहूनही जास्त कापले जातात, असं बायका कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत. अंगावर काढलेलं दुखणं वाढतं, गावातला खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल असं घरचेही म्हणतात. त्या ऑपरेशनला पैसे लागतात, ते पुन्हा मुकादमाकडून उचलले जातात, आणि ते फेडायला पुन्हा तोच फड. ही सगळी साखळी तुझ्या फिल्ममध्ये दिसली पाहिजे. त्यातली एकच कडी उचललीस तर दोष कुठल्या तरी एका डॉक्टरच्या नाहीतर एका नवऱ्याच्या माथी बसेल आणि बाकीचे सुटतील.

म्हणून पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय कर. मोबाइलसुद्धा पिशवीत ठेव. बायका हंगामात फडावर असतात तेव्हा त्यांना बोलायला श्वास नसतो. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की त्या गावी परततात, तेव्हा जा. धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागात महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांच्या कार्यकर्त्या भेटतील, गावच्या आरोग्यसेवेतल्या आशाताई भेटतील, त्यांच्याबरोबर फीर. कोण कुणाचं कोण लागतं ते समजून घे. टोळीचा मुकादम कोण, त्याचं देणं कुणाकडे, कारखान्याचा शेतकी अधिकारी कोण, तोडीची चिठ्ठी देणारा कोण, हे कळल्याशिवाय फडावर पाऊल टाकू नकोस. मग हंगाम सुरू झाला की त्याच टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जा. गाव आणि फड, दोन्ही ठिकाणी तीच बाई बघितलीस की तिचं आयुष्य कळेल. नुसत्या फडावर गेलीस तर तिचं फक्त कष्टाचं रूप हाती लागेल आणि लोक हळहळून विसरून जातील.

फडावरची एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेव. मागे एकदा आम्ही मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या, वस्तीत शूट करत होतो. पहाटेचा काळोख, तीन दगडांची चूल, ओल्या पाचटाचा धूर. एक बाई घाईघाईने भाकऱ्या थापत होती आणि थापता थापता बोलत होती. कोयत्याला धार कशी लावायची, पाचट कापून कापून हातावर कशा रेघा उठतात, सकाळी दव असताना ऊस तोडला की अंग कसं खाजतं, सगळं हसत हसत. इतक्यात मुकादम येऊन बाजेवर बसला. तो चकार शब्द बोलला नाही. तरी बाईचा सूर बदलला. ‘बरं चाललंय की, आमचं काय, मुकादम चांगले हायती.’ प्रत्येक उत्तराआधी तिची नजर एकदा बाजेकडे जाऊन येत होती. शहरात बसून फुटेज बघणाऱ्याला ती नजर दिसणारही नाही, त्याला फक्त ‘आमचं बरं चाललंय’ ऐकू येईल. म्हणून सांगते, शूट करताना फ्रेममध्ये कोण आहे याच्याइतकंच फ्रेमच्या बाहेर कोण बसलंय तेही वहीत लिहून ठेव. एडिट टेबलवर हीच वही तुला खोट्यापासून वाचवेल.

मुलाखतीचं म्हणशील तर दुखऱ्या जागेपासून सुरुवात करू नकोस. ‘तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा काय वाटलं’ असा पहिला प्रश्न आला की बाई मिटते, नाहीतर जे सगळ्या पत्रकारांना सांगून झालंय तेच पाठ म्हणून दाखवते. कामापासून सुरू कर. ‘डोकी सेंटर’च्या, म्हणजे ऊस डोक्यावरून वाहणाऱ्या, बायका भलीमोठी मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत कशा चढतात ते विचार. ज्या गोष्टीत ती तरबेज आहे ती तिला समजावून सांगू दे, मग ती तुझ्याकडे वरच्या नजरेने बघेल आणि तेच बरं. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेव, ती जमिनीवर बसली असेल तर तूही जमिनीवर बस. तिचे डोळे भरून आले तर झूम करू नकोस. थांबायचं का ते विचार. रडणं चाललेलं असताना खाली सारंगी घालायचा मोह एडिटिंगला होईल, तो आवर. पाचटाची सळसळ आणि ट्रॅक्टरचा आवाज पुरेसा आहे. त्यासाठी साउंडवर खर्च कर. चांगला कॉलर माइक आणि वाऱ्यापासून जपणारं कव्हर घे. फडात वारा सुटला की नुसत्या कॅमेऱ्याच्या माइकवर काही ऐकू येत नाही.

संमतीबद्दल जरा सविस्तर बोलते. रिलीज फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं समजू नकोस. तिला आधी सांग की ही फिल्म यूट्यूबवर गेली तर तिच्या भावकीतला पोरगाही मोबाइलवर बघेल. शूटिंगआधी विचार, शूटिंगनंतर विचार, एडिट झाल्यावर दाखवून पुन्हा विचार. मधल्या काळात तिची परिस्थिती बदललेली असते. मुलगी लग्नाला आलेली असते, नवरा दुसऱ्या मुकादमाकडे गेलेला असतो. तिला ‘नको’ म्हणायची मुभा शेवटपर्यंत असली पाहिजे, भले तुझा सगळ्यात चांगला सीन गेला तरी.

निशा पाहुजा यांची ‘टू किल अ टायगर’ पाहिलीस का? झारखंडमधली तेरा वर्षांची मुलगी, तिच्यावर सामूहिक बलात्कार झालेला, आणि गावाच्या दबावापुढे न झुकता कोर्टात लढणारा तिचा शेतकरी बाप. फिल्म २०२२ मध्ये आली, पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. मुलीचा चेहरा लपवायचा असं आधी ठरलं होतं. फिल्म व्हायला वर्षं लागली, तोवर मुलगी अठरा वर्षांची झाली, तिने फुटेज स्वतः पाहिलं आणि मला लपायचं नाही असं तिने ठरवलं. तो निर्णय तिचा होता आणि त्यासाठी सगळे थांबले, हे मला फार मोलाचं वाटतं. तुझ्या विषयातही लहान वयात लग्न झालेल्या, अत्याचार सोसलेल्या मुली येतील. तेव्हा कायदा पाठ असू दे. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यातलं काहीही ओळख पटेल असं दाखवता येत नाही. प्रौढ बाईच्या बाबतीतही लैंगिक गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, तिच्या लेखी परवानगीशिवाय ओळख उघड करता येत नाही. आणि चेहरा ब्लर केला की झालं असं नाही. आवाज, अंगावरचं गोंदण, दारातली गाय, गावाची वेस, यावरून गावकरी एका क्षणात ओळखतात.

दुसरं उदाहरणही लक्षात असू दे. ‘खबर लहरिया’ या बुंदेलखंडातल्या बायकांनी चालवलेल्या वृत्तसमूहावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी ‘रायटिंग विथ फायर’ केली. फिल्म सुंदर आहे, जगभर गाजली. पण २०२२ च्या ऑस्करआधी त्या पत्रकार बायकांनीच जाहीरपणे सांगितलं की आमच्या कामाचा एक भागच आमची पूर्ण गोष्ट म्हणून दाखवला गेलाय. कोणाची बाजू बरोबर यावर मी निवाडा देत नाही. पण प्रेमाने आणि मेहनतीने केलेल्या फिल्मबद्दलही माणसांना असं वाटू शकतं, हे डोक्यात ठेव. रफ कट झाला की लॅपटॉप घेऊन गावी जा, त्यांच्यासमोर लाव. तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त कर. एखादीला धोका वाटला तर तो भाग काढ. एखाद्याला निव्वळ स्वतःची प्रतिमा चकचकीत हवी असेल, मुकादमाला किंवा पुढाऱ्याला, तर तिथे मात्र ठाम राहा. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, ते कुणाच्या हातात सत्ता आहे यावरून ठरव.

पैशाचंही बोलून टाकू. ऐन तोडणीत तू बाईला दोन तास बसवलंस तर तिचा आणि नवऱ्याचाही रोज बुडतो. म्हणून शक्यतो तिच्या कामात खंड न पाडता शूट कर, आणि बसवावंच लागलं तर बुडालेला रोज भरून दे. ती रक्कम बजेटमध्ये आधीच धर. पण ती बुडालेल्या रोजाची भरपाई आहे, बोलण्याची किंमत नाही, हे दोघींनाही स्वच्छ माहीत हवं. तुझ्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी मात्र हातातली नोकरी लगेच सोडू नकोस. अशा फिल्मला पैसा तुकड्यातुकड्याने मिळतो, आणि साखर कारखाना किंवा कुठल्या पक्षाचा पैसा घेतलास तर पहिल्या दिवसापासून तुझे हात बांधले जातील.

वेळ लागेल गं. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या ‘बॉम्बे : अवर सिटी’मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्या दाखवल्या, त्यात विलास घोगरे हे शाहीर गाताना दिसतात. त्याच फिल्ममध्ये एक बाई थेट फिल्म करणाऱ्यालाच फैलावर घेते, आमचं शूटिंग करून आम्हाला काय मिळणार म्हणून, आणि ते पटवर्धनांनी कापलं नाही. पुढे ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. तिथून सुरू झालेली पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. त्या चौदा वर्षांत खटला, आयोग, निवडणुका, नवे शाहीर, सगळं तिच्यात येत गेलं. तू चौदा वर्षं दे असं मी म्हणत नाही. पण एका हंगामात गुंडाळायची असेल तर हा विषय घेऊ नकोस. निदान दोन हंगाम आणि मधला उन्हाळा धर.

समोरच्या बाजूलाही भेट. मुकादमाशी बोल, तो पुष्कळदा स्वतः एकेकाळी ऊस तोडलेला आणि आज कर्जात अडकलेला असतो. डॉक्टरांशी बोल, कारखान्याशी बोल. बोलायला नकार दिला तर लेखी विचारल्याची नोंद ठेव. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत बाईच्या परवानगीने घे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. आणि आपल्यालाही त्यात आण. दीपा भाटिया यांची २००९ ची ‘नीरोज गेस्ट्स’ बघ. पत्रकार पी. साईनाथ विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरोघर जातात आणि शेवटी प्रश्न आपल्यासारख्या पोटभर खाणाऱ्यांना विचारतात. रोज सकाळी चहात साखर घालणारे आपण सगळे या साखळीत आहोत. ते दाखवलंस तर फिल्म फक्त ‘बिचाऱ्या बायकांची’ राहणार नाही.

थोडं तुझ्यासाठी. एकटी जाऊ नकोस. कुठे आहात ते घरी कुणाला तरी रोज कळव. फुटेजच्या तीन प्रती काढ, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेव. दिवसभर असं ऐकल्यावर रात्री झोप येत नाही, चिडचिड होते. ते मनात साठवू नकोस, मैत्रिणीशी बोल, लागलं तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि दाखवायचं कुठे? १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, आणि अवघड विषयांना तिथे अडथळे येतात. ‘वॉर अँड पीस’ या फिल्मसाठी पटवर्धनांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मुंबईच्या माहितीपट महोत्सवात प्रमाणपत्राच्या अटीवरून वाद झाला तेव्हा २००४ मध्ये फिल्म करणाऱ्यांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. म्हणजे वाट निघते, पण एकट्याने निघत नाही. या लोकांच्या ओळखी आतापासून कर.

पहिला खेळ मात्र गावात लाव. सुमित्रा भावे मुळात समाजशास्त्राच्या संशोधक. वस्तीतल्या बायकांवरचं संशोधन त्या बायकांपर्यंतच पोचत नाही, ही त्यांची तळमळ होती, आणि त्यातूनच १९८५ मध्ये ‘बाई’ ही फिल्म झाली. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत पांढरा पडदा लाव, बायकांना पुढे बसव आणि फिल्म संपल्यावर त्यांना बोलू दे. त्यातून एखादी ग्रामसभेत फडावरच्या संडासाचा विषय काढेल, एखादी ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेईल. पुरस्कार मिळाला तर मला आनंदच होईल, पण फिल्मचा उपयोग झाला की नाही ते मी यावरून ठरवेन.

तेव्हा भाड्याच्या कॅमेऱ्याचं बुकिंग रद्द कर आणि तेच पैसे एसटीला ठेव. आधी जा, ऐक, ओळखी कर. हंगाम दरवर्षी येतो, फिल्म पुढच्या वर्षी सुरू झाली तरी काही बिघडत नाही. आणि कुठे अडलीस, कायद्यात, पैशात की मनात, तर मला निःसंकोच फोन कर.

तुझी,
ताई